सुलेखनाची पीडीएफ, ब्रश, कोर्स सगळं तयार आहे, पण घेत कोणी नाही, प्रमोशन कसं करू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही नाशिकहून ऑनलाइन देवनागरी सुलेखन शिकवता, इन्स्टावर नऊ हजारांच्या वर फॉलोअर आहेत, सरावाची वर्कशीट पीडीएफ १९९ ला, प्रोक्रिएट या चित्र काढायच्या ॲपचे डिजिटल ब्रश ४९९ ला आणि रेकॉर्डेड कोर्स २,४९९ ला ठेवलाय, रील्सना लाइक भरपूर येतात पण महिन्याची विक्री हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच, तर आता ॲड चालवू की रोज दोन पोस्ट टाकू. दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं हेच शिकवतेय आणि अशाच फायली विकतेय, त्यामुळे जे जमतं आणि जे अजिबात जमत नाही ते सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

आधी फॉलोअरचं बघू. ओली शाई कागदावर उतरताना बघायला सगळ्यांनाच आवडतं, झोपायच्या आधी लोक तेवढंच बघत पडतात, पण बघणारा आणि शिकणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. तुमच्या गेल्या काही रील्सच्या कॉमेंट उघडून बसा. "वाह", "अप्रतिम", हात जोडलेले इमोजी, हे प्रेक्षक. "ताई पेन कुठला", "माझी शाई कागदावर फुटते", "शिरोरेषा आधी मारायची की नंतर", "मी डावखुरी आहे, मला जमेल का", हे विद्यार्थी. ही दुसऱ्या प्रकारची वाक्यं वहीत उतरवून घ्या, जशीच्या तशी, शुद्ध बिद्ध करायला जाऊ नका. विक्रीच्या पानावर, रीलच्या पहिल्या ओळीत, यूट्यूबच्या शीर्षकात तुम्हाला हीच वाक्यं लागणार आहेत कारण विकत घेणारा माणूस "प्रीमियम कॅलिग्राफी रिसोर्स" शोधत नसतो, तो "शाई का फुटते" हे शोधत असतो.

आणि आता मुख्य मुद्दा. शिकवणाऱ्याचं प्रमोशन म्हणजे शिकवणंच, फक्त ते अशा जागी थांबवायचं की पुढची पायरी तुमच्या फाइलमध्ये असेल. तुम्ही काय करताय, एक सुंदर रील टाकताय ज्यात अख्खा शब्द लिहून होतो, बघणाऱ्याचं समाधान तिथेच पूर्ण होतं, आणि खाली लिहिताय "माझा कोर्स बायोमध्ये". रील आणि कोर्स यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. त्याऐवजी एकच वळण शिकवा. उदाहरणार्थ हे की बाहेरचे इंग्रजी व्हिडिओ बघून आलेली मुलं कट निब (चपट्या, कापलेल्या टोकाची निब) रोमनसारखी धरतात आणि मग त्यांचे जाड-बारीक उलटे पडतात, कारण देवनागरीच्या बोरूचा काप रोमनच्या उलट बाजूला असतो. हे एवढं एक मिनिटात दाखवता येतं, चुकीचा क आणि बरोबर क शेजारी शेजारी ठेवून. ज्याचा क चुकत होता त्याला लगेच कळतं की अरे माझं इथे चुकतंय. आता त्याला व आणि ब पण करून बघायचेत कारण गोल तोच आहे. इथे थांबा आणि सांगा की व, ब, क या तिघांचं सरावाचं पान फुकट आहे, लिंक दिलीय.

फुकट काय द्यायचं यात बहुतेक जण गडबडतात. वर्कशीटमधली पहिली दोन पानं देतात, आणि ती पहिली दोन पानं म्हणजे उभ्या आडव्या रेघा असतात, त्या करून कोणालाच काही मिळाल्यासारखं वाटत नाही. अक्षरांचा एक अख्खा गट द्या. आपल्याकडे वळणावरून गट पाडायची पद्धत आहेच, ग म भ न एक, व ब क एक, प ष फ एक, र स ख एक, ट ठ ढ द एक असे. एक गट पूर्ण, सुरुवातीच्या फटकाऱ्यापासून ते त्या गटातल्या अक्षरांनी बनलेल्या एखाद्या शब्दापर्यंत. माणूस तेवढं करतो, भिंतीला चिकटवतो, नवऱ्याला नाहीतर आईला दाखवतो, आणि त्यालाच वाटतं की बाकीचे गट पण करून टाकू. उरलेले गट १९९ मध्ये. असं मोकळेपणाने दिलं की विक्री पडेल अशी भीती सगळ्यांनाच वाटते, पण फुकट पान करून ज्याला मजा आली नाही तो पैसे देऊन तरी कशाला घेईल.

वर्कशीटचं नाव पण बदला. "देवनागरी कॅलिग्राफी वर्कशीट व्हॉल्यूम १" वरून कोणाला काय कळणार. कुठल्या निबसाठी आहे, कोणासाठी आहे, शेवटी हातात काय येईल, हे नावात किंवा नावाच्या लगेच खाली यायला हवं. "३.८ मिमी निबने पूर्ण मुळाक्षरं, पहिल्यांदाच पेन धरणाऱ्यांसाठी" असं साधं. सुलेखनाचे पायलट पॅरलल पेन १.५, २.४, ३.८, ६ मिमी अशा वेगवेगळ्या मापांत येतात आणि नवशिक्यांपैकी कितीतरी जणांनी दुकानात जो मिळेल तोच पेन आणलेला असतो, मग तुमच्या रेषा त्याच्या निबला जुळत नाहीत आणि तो समजतो आपला हातच वाईट. म्हणून मापाप्रमाणे वेगळी पानं एकाच फाइलमध्ये द्या आणि हे ठळक लिहा. विक्रीच्या पानावरची ही एक ओळ डिस्काउंटपेक्षा जास्त काम करते.

प्रिंटचं तर विचारूच नका. आपला विद्यार्थी पीडीएफ घेतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करतो, तो पेजला फिट करून प्रिंट मारतो, आणि तुमच्या रेषांची उंची कमी होते. सुलेखनात अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पटीत धरतात, समजा पाच पट धरली तर ३.८ च्या निबला १९ मिमी पाहिजे, आणि प्रिंट आलं १८ चं, तर अक्षर कोंबल्यासारखं दिसणार. त्यात कागद साधा ७० नाहीतर ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप), शाई लगेच पसरते. तेव्हा पहिल्याच पानावर एक ५ सेंटीमीटरची रेघ द्या आणि लिहा, "ही रेघ पट्टीने मोजा, बरोबर ५ आली तरच पुढची पानं छापा, दुकानदाराला ॲक्च्युअल साइज सांगा, कागद १०० जीएसएम मागा". आणि याचीच एक रील करा, झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून, दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून. अशा रील्सना लाइक कमी पडतात पण सेव्ह आणि शेअर खूप होतात, कारण हा त्रास खरा आहे. बघणाऱ्याला न सांगता हेही कळतं की या बाईंनी फाइल विचार करून बनवलीय.

आता ब्रश. हे जरा कडू वाटेल पण तुमचे ब्रश तुमच्या विद्यार्थ्यांना विकायचा नाद सोडा. प्रोक्रिएट आयपॅडवर चालतं, अँड्रॉइडवर नाही. तुमच्याकडे शिकणाऱ्यांत गृहिणी, शाळेतले शिक्षक, आठवी नववीची मुलं, रिटायर्ड काका, यातल्या कितीजणांकडे आयपॅड आणि ॲपल पेन्सिल असेल? त्यांना दर आठवड्याला ब्रशची पोस्ट दिसते, ती त्यांच्या कामाची नसते, आणि हळूहळू तुमच्या सगळ्याच पोस्ट ते वर सरकवायला लागतात. ब्रशचं गिऱ्हाईक म्हणजे डिझायनर, लग्नपत्रिका करणारे, नाटक-सिनेमाचं टायटल करणारे, लोगोवाले. ते बिहान्सवर (डिझायनर आपलं काम दाखवतात ती साइट) असतात, लिंक्डइनवर असतात, गमरोडवर (डिजिटल फायली विकायची परदेशी साइट) शोधतात. त्यांना अ आ इ शिकायचं नसतं, त्यांना बघायचं असतं की या ब्रशने "शुभविवाह" लिहिलं तर कडा कशा येतात, मोठं केल्यावर फाटतं का, आणि क्लायंटच्या कामात वापरायला परवानगी आहे का. ही परवानगी स्वच्छ मराठीत आणि इंग्रजीत लिहून टाका. वेगळं अकाउंट काढा किंवा निदान वेगळी हायलाइट आणि वेगळी लिंक ठेवा. गमरोडला थेट विक्रीवर १० टक्के आणि वर ५० सेंट जातात आणि डिस्कव्हर या त्यांच्या स्वतःच्या शोधायच्या पानावरून गिऱ्हाईक आलं तर ३० टक्के, त्यामुळे तिथे डॉलरमध्ये किंमत ठेवा, ४९९ रुपयांचं गणित तिथे बसत नाही. भारतातल्या गिऱ्हाईकाला यूपीआय हवं असतं, त्यासाठी रेझरपे किंवा इन्स्टामोजोचं साधं पेमेंट पेज पुरतं. क्यूआर पाठवून स्क्रीनशॉट मागवायचा आणि मग हाताने फाइल पाठवायची, हे पहिल्या दहा गिऱ्हाइकांपर्यंत ठीक आहे, त्यानंतर रात्री साडेअकराला "ताई पेमेंट केलं फाइल कुठेय" असे मेसेज यायला लागतात आणि शिकवण्यावरचं मन उडतं.

माझ्या मते तुमची खरी बाजारपेठ व्हॉट्सॲपवर आहे. मराठी माणूस इन्स्टावर बघतो आणि व्हॉट्सॲपवर विचारतो. पण इथे पण लोक ब्रॉडकास्ट लिस्ट करून बसतात आणि म्हणतात पोचत नाही, अहो ब्रॉडकास्टला एका लिस्टमध्ये २५६ नंबरांची मर्यादा आहे आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. चॅनेल काढलं तर लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, फार तर इमोजी टाकतात नाहीतर पोलला मत देतात, म्हणजे सूचना द्यायला ठीक, शिकवायला निरुपयोगी. ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात पण सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आपल्याकडे शिकणाऱ्यांत बायका आणि मुली बऱ्याच, दुसऱ्या दिवसापासून त्यांना अनोळखी "हाय" यायला लागतात. म्हणून कम्युनिटी काढा, तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये साध्या मेंबरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. सरावाचा ग्रुप काढायचाच असेल तर छोटा, आठवडाभराचा, ठरलेल्या तारखेला बंद होणारा.

हा आठवडाभराचा ग्रुप म्हणजे माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त विकून देणारी गोष्ट आहे, आणि त्यात विक्रीचा एक शब्द बोलावा लागत नाही. ते फुकट पान घेतलेल्यांनाच बोलवायचं. रोज एक अक्षर, रोज रात्री नऊपर्यंत फोटो टाकायचा, तुम्ही त्या फोटोवर लाल रंगाने खुणा करून परत टाकायच्या, इथे कोन बदलला, इथे पेन उचलला, इथे गाठ मोठी झाली. तुम्ही एकाचं दुरुस्त करता तेव्हा बाकीचे पण बघत असतात आणि स्वतःच्या कागदाशी ताडून बघतात. गुड मॉर्निंग नाही, देवाचे फोटो नाहीत, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगायचं, कोणाला राग आला तर येऊ दे. शेवटच्या दिवशी पहिल्या दिवसाचा आणि आजचा असे दोन फोटो शेजारी लावून मागवायचे. हे फोटो वापरू का असं प्रत्येकाला वेगळं विचारायचं, १८ च्या आतलं मूल असेल तर आईवडिलांना विचारायचं, आणि नाव टाकायचं की नाही हेही विचारायचं. मग तुमच्या पेजवर तुमच्या सुंदर अक्षरांपेक्षा हे जोडफोटो जास्त टाका. कारण तुमचं अक्षर बघून समोरच्याला वाटतं "हे आपल्याला काय जमणार", आणि कुणातरी पंचावन्न वर्षांच्या बँकेतल्या काकांचं आठवड्यात सुधारलेलं अक्षर बघून वाटतं "यांना जमलं तर मला का नाही". सुलेखन शिकवणाऱ्या बहुतेकांची पेजेस स्वतःच्या कामाने भरलेली असतात, ती कलाकाराची पेजेस आहेत, शिक्षकाची नाहीत.

अभिप्राय मागताना "कोर्स कसा वाटला" विचारू नका, "खूप छान मॅडम" एवढंच मिळेल. विचारा की सुरू करायच्या आधी सगळ्यात जास्त काय अडत होतं आणि आता त्याचं काय. जे उत्तर येईल ते काटछाट न करता छापा.

कोर्सबद्दल. २,४९९ चा नुसता रेकॉर्डेड कोर्स आज अवघड आहे, वाईट आहे म्हणून नाही, तर यूट्यूबवर फुकटात भरपूर पडलंय आणि रेकॉर्डेड कोर्स घेऊन अर्धवट सोडल्याचा अनुभव आता प्रत्येकाला आहे. लोक पैसे देतात ते दुरुस्तीला. तेव्हा तेच व्हिडिओ ठेवा, वर चार रविवार लाइव्ह दुरुस्ती जोडा आणि तुम्हाला जेवढे कागद खरंच तपासता येतील तेवढ्याच जागा ठेवा. मग "२० जागा" हे खरं असतं, कारण एकविसाव्याचा कागद तपासायला तुम्हाला वेळच नसतो. खोटी घाई दाखवू नका, ते काउंटडाऊन घड्याळ जे पान रिफ्रेश केलं की परत पंधरा मिनिटांवर येतं, ते लोकांना कळतं हो. आणि नुसतं कळण्याचा प्रश्न नाही, केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दलच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक आहे. "नको, मला माझं अक्षर वाईटच ठेवायचंय" असलं बटण पण त्यातच येतं, समोरच्याला लाजवून घ्यायला लावणं.

किंमत सतत पाडू नका. दर सणाला ५० टक्के सूट दिली की लोक सणाची वाट बघतात आणि ज्याने पूर्ण पैसे दिले तो स्वतःला मूर्ख समजतो. सूट द्यायचीच तर कारण असलेली द्या, फुकट पान पूर्ण करून फोटो पाठवणाऱ्याला वर्कशीटवर ५० रुपये कमी, असं.

सणांचा उपयोग वेगळा करा. आपल्याकडे अक्षरांची गरज वर्षात ठराविक वेळी उसळते आणि ती आधीच ओळखून महिनाभर आधी शिकवायला सुरुवात करायची. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, आणि तुम्ही तर नाशिकच्याच. शाळा, वाचनालयं, बँका, सगळीकडे फलक आणि पोस्टर लागतात. त्या दिवशी सकाळी शुभेच्छांची पोस्ट टाकून काही विकलं जात नाही कारण ज्याला फलक लिहायचा होता त्याने तो आदल्या दिवशीच लिहिला. जानेवारीच्या शेवटी "फलकावर कवितेची ओळ कशी बसवायची, कुठे तोडायची" हे शिकवा. लग्नसराईचं काम तुळशीच्या लग्नानंतर दिसतं पण पत्रिका करणारे दसऱ्यापासूनच नमुने शोधत असतात, ब्रशचं प्रमोशन तेव्हा. एप्रिल-मे च्या सुट्टीत मुलांची बॅच. जूनमध्ये शाळा उघडल्या की शिक्षक. आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, त्यात अक्षरलेखन असतंच आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक हमखास शोधतात. त्यासाठी वेगळी छोटी पीडीएफ काढा, निब-बिब काही नाही, पट्टी-पेन्सिलने अक्षरं मोजून कशी बसवायची एवढंच. तुम्हाला त्यात कलात्मक समाधान मिळणार नाही, पण पालकांना नेमकं तेच हवं असतं.

शिक्षकांवर जरा जास्त लिहिते कारण याकडे कोणी बघत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक रंगीत खडूंनी फलकलेखन करतात, काहींचं तर इतकं सुरेख असतं की आपण बघत राहावं. ३ जानेवारीला सावित्रीबाई, २६ जानेवारी, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, ५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, वर्षभर दिनविशेष चालू. त्यांना कट निब नको, खडूची कड धरून जाड-बारीक कसं काढायचं ते हवं, फळ्याची आखणी हवी, आणि मोबाइलवर बघून उतरवता येईल असा नमुना हवा. दिनविशेषांचा असा संच बनवलात तर तो शिक्षकांच्या ग्रुपमधून आपोआप फिरतो. फुकटात पण फिरतो, हे धरूनच चाला. म्हणून एका दिवसाचा नमुना मुद्दाम फिरवायला द्या, खाली तुमचं नाव आणि लिंक टाकून, आणि पूर्ण वर्षाचा संच विका. शाळेसाठी वेगळा परवाना ठेवा, म्हणजे एका शिक्षकाने घेतला तर एकाचा दर, अख्ख्या शाळेने वापरायचा तर दुसरा दर, मुख्याध्यापकांना पावती लागते ती द्या. चांगले शिक्षक असं विचारून घेतात, फक्त आपण तो पर्याय ठेवलेला नसतो.

पीडीएफ चोरीचं म्हणाल तर होणारच, टेलिग्रामवर काय काय पडलंय बघा. प्रत्येक पानाच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल छापून देता आलं तर द्या, माणूस स्वतःच्या नावाची फाइल पुढे पाठवताना थोडा कचरतो. पासवर्ड वगैरे लावू नका, झेरॉक्सवाल्याकडे उघडत नाही आणि शिव्या तुम्हाला. फॉरवर्ड होऊ शकत नाही ती गोष्ट म्हणजे तुमची लाल खूण, ती जपा.

परदेशातले मराठी पालक हा अजून एक गट, पण त्यांना तीच फाइल नका पाठवू. अमेरिकेत घरच्या प्रिंटरमध्ये ए४ कागद नसतो, लेटर साइज असतो, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे ए४ पेक्षा थोडा रुंद आणि उंचीला कमी. ए४ ची पीडीएफ तिथे छापली की एकतर सगळं आक्रसतं नाहीतर खालची ओळ कापली जाते, आणि मग वर सांगितलेला निबच्या मापाचा घोळ. दोन्ही मापांच्या फाइल ठेवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत तिकडे, रविवारी भरतात बऱ्याच, त्यातल्या शिक्षिका बहुतेक आपल्यासारख्याच आवडीने शिकवणाऱ्या आई असतात आणि सरावाच्या पानांच्या शोधात असतात. तिथल्या मुलाला मराठी ऐकून कळतं पण अक्षर येत नाही, त्यामुळे त्याला बाराखडीसोबत उच्चार लागतो, पानावर एक क्यूआर आणि तुमच्या आवाजात तो शब्द, एवढं दिलं तरी आया खूश होतात. लाइव्ह तास ठेवायचा तर आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ, शनिवार बरा पडतो. पेपाल भारतात आता फक्त बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी चालतं, देशातल्या देशात २०२१ पासून बंद आहे, तेव्हा देशातल्या आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या पेमेंट लिंक वेगळ्या लागतील.

यूट्यूबवर तुम्ही नाहीच म्हणालात. सुरू करा, पण इन्स्टाच्या रील्स तिथे ओतू नका. तिथे माणूस शोधत येतो, म्हणून एक व्हिडिओ एक प्रश्न, तुमच्या त्या वहीतला. दहा बारा मिनिटं, हातावर वरून कॅमेरा, आवाज स्वच्छ, बाकी स्टुडिओ वगैरे काही लागत नाही. शीर्षक देवनागरीत आणि खाली माहितीत तेच शब्द रोमन लिपीतही लिहा कारण आपले लोक मराठी प्रश्न पण रोमनमध्येच टाइप करतात. चॅप्टर टाका, ०:०० पासून सुरू होणारे निदान तीन. लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये पिन करा, आणि ती दुकानाच्या मुख्य पानाची नको, त्याच अक्षरगटाच्या फुकट पानाची हवी. यूट्यूबकडून ॲडचे पैसे मिळायला लागणाऱ्या हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांच्या मागे लागू नका, ॲडच्या पैशांपेक्षा एका व्हिडिओतून वर्षभर हळूहळू येणारे विद्यार्थी महत्त्वाचे आहेत. एक चांगला व्हिडिओ दोन तीन वर्षं माणसं आणत राहतो, रील चार दिवसांत मरते. यावरून रोज दोन पोस्टचं उत्तर पण मिळालं असेल.

फुकट पान देताना ईमेल घ्या, नुसता नंबर नको. मराठी लोक ईमेल वाचत नाहीत हे अर्धं खरं आहे, वर्तमानपत्रासारखं वाचत नाहीत पण पीडीएफ शोधायला तिथेच जातात. पंधरा दिवसांतून एक, त्यात एक दुरुस्ती शिकवायची, शेवटी एक ओळ विक्रीची. इन्स्टाचं अकाउंट कधी कोणाचं हॅक होईल, बंद होईल काही सांगता येत नाही, ही यादी तुमची राहते.

पेन, शाई, कागद विकणाऱ्या दुकानांशी बोला. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, तुमच्याकडे नाशकात जिथे आर्टचं सामान मिळतं तिथे. नवीन पेन घेणारा माणूस त्या क्षणी सगळ्यात उत्सुक असतो आणि घरी गेल्यावर त्याला पुढे काय करायचं माहीत नसतं. काउंटरवर हातभर पोस्टर, "हा पेन घेतलात? पहिलं पान इथून घ्या" आणि क्यूआर. दुकानदाराला कमिशन देण्यापेक्षा त्याच्या दुकानाचा शिक्का पानावर छापून द्या, तो जास्त खूश होतो. उलट तुम्ही एखाद्या पेनची शिफारस पैसे किंवा फुकट माल घेऊन करत असाल तर पोस्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे २०२१ पासूनचे नियम आहेत, आणि नियम नसते तरी शिक्षकाने लिहायलाच हवं.

आता ॲड. गणित करून बघा. १९९ च्या फाइलवर पैसे गोळा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चार रुपये सत्तर पैसे गेले, हातात १९४. ॲडमधून एक गिऱ्हाईक आणायला दीडशे रुपये लागले, आणि ते सहज लागतात, तर तुम्हाला ४४ रुपये उरले आणि त्यात फाइल उघडत नाही म्हणणाऱ्याशी अर्धा तास बोलणं पण आलं. वर्कशीटवर ॲड करूच नका. कोर्सची बॅच भरायची असेल तेव्हा करा, ती पण थेट कोर्सची नको, ज्या रीलवर आपोआप प्रश्न येत होते तीच रील दिवसाला दोनतीनशे रुपयांवर चालवा, फुकट पानाकडे न्या, तिथून ग्रुपकडे, ग्रुपमधून जे येतील ते येतील. पहिल्या आठवड्यात फुकट पान घेणारेच नसतील तर ॲड बंद करून रील बदला, पैसे वाढवून काही होत नाही.

टॅक्सचं दोन ओळीत. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परदेशातून पैसे यायला लागले की एकदा सीएकडे जाऊन बसा, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक विक्रीची नोंद ठेवा, मार्चमध्ये यूपीआयचा इतिहास खणत बसायला नको.

वर्कशीटमध्ये छापील फॉन्ट वापरलेत का ते पण तपासा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' (Mukta), 'बलू' वगैरे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, ते विकायच्या पीडीएफमध्ये बिनधास्त चालतात. कुठून तरी आलेले फॉन्ट मात्र काढून टाका, आपणच अक्षरं विकणारे लोक, दुसऱ्याच्या अक्षराचे पैसे बुडवणं शोभत नाही. खरं तर शीर्षकं हाताने लिहून स्कॅनच करा.

परतावा मागणाऱ्यांशी वाद घालू नका. फाइल डाउनलोड झाली म्हणून पैसे परत नाहीत असं लिहिता येतं, बरेच जण लिहितात, पण १९९ साठी भांडून जो माणूस गेला तो दहा जणांना सांगतो. मी आधी विचारते की कुठे अडलं, फोटो पाठवा. दहातले बहुतेक प्रिंटच्या मापात अडलेले असतात, ते सुटलं की परतावा विसरतात. तरी नको असेल तर दोन दिवसांत पैसे परत, आणि त्याला जे अडलं होतं ते वहीत लिहून ठेवायचं, पुढच्या व्हिडिओचा विषय झाला.